ती घाटावर काय बोलली

चुलवानात चिपाडं घातलीसा? मग बसा आता गप. गुऱ्हाळाच्या काहिलीला उकळी यायला अजून येळ हाय, तवर सांगतो. पर आधीच सांगून ठेवतो, उलट्या पायाची, मोकळ्या केसाची बाई पायजे असंल तर ती माझ्याकडं न्हाई. त्यासाठी ह्या ज्ञानूच्या चुलत्याकडं जावा, त्येला दर आवसंला एक दिसती. मी सांगतोय ती आकारामची गोष्ट. आकाराम माझ्या ताटात जेवलेला मानूस. त्येला खोटं बोलाय येत नव्हतं. आन मधी बोलू नका, माझी तार तुटती.

मी तवा लालासाहेबांच्या फिरत्या शिनेमात दारावर हुतो. तिकिटं फाडायची आन तंबूखालनं आत शिरनाऱ्या फुकट्यांच्या पाठीत धपाटा घालायचा, एवढंच काम. जत्रा असंल तिथं तंबू ठोकायचा, जत्रा सरली की उचलायचा.

साल चवेचाळीस. माघ वद्य नवमीची रात, चांद उशिरानं उगवनारी. पलूसला जत्रा भरलेली, आन आमचा बोलपट सांगलीतच अडकला. लढाईचं दिवस हुतं ते. पेट्रोल मिळंना, कोळशावर मोटारी चालायच्या, त्यातली आमची मोटार त्यो आनाय जाताना वाटंत बसली ती बसलीच. हिकडं लोकं तंबूच्या दोऱ्यास्नी येऊन भिडलेली. आदल्या दिशीच लालासाहेबांनी डोक्याला हात लावला आन म्हनले, तासगावच्या गोदामात आपला जुना मुका शिनेमा पडलाय, त्यो आना.

त्यो शिनेमा म्हंजे काय ते आमा सगळ्यास्नी ठावं हुतं.

"आकाराम, पहाटं गाडी जुप," लालासाहेब म्हनले. त्येच्या तोंडाकडं न बघताच म्हनले. "आन राती तुलाच सांगाय लागंल गड्या. दुसरं कोन हाय आता?"

"व्हय मालक," आकाराम म्हनला. एवढंच. आन बैलास्नी पेंड घालाय गेला.

तुमास्नी मुका शिनेमा ठावं न्हाई, तुमचं सगळं गान्याचं. तवा चित्रं हलायची, ओठ हलायचं, आवाज कसला न्हाई. मधी मधी अक्षरं यायची, पर वाचनार कोन? म्हनून पडद्याच्या कडंला चित्रं दावायची काठी घिऊन एक सांगनारा उभा ऱ्हायचा. आमचा सांगनारा आकाराम. तिकडं मान तालुक्यातल्या धनगराचा पोरगा. मेंढरामागं माळावर हाळ्या घालून गळा असा तयार झालेला, की शिनेमातल्या सरदाराचं बोलला तर पुढची पोरं मागं सरकायची. बायकांचं बोलनं आलं की त्योच गळा बारीक करायचा, आन मानसं डोळं पुसायची.

पडदा तंबूच्या मधोमध. पुढं बाप्ये बसायचे, मागं बायका. पडदा पान्यानं भिजवला की मागनं बी चित्र दिसतं, फकस्त उलटं, डाव्याचं उजवं. बायकांस्नी त्येचं काय वाटायचं न्हाई. सांगनाऱ्याचा आवाज दोनी अंगाला जायचा.

आता त्यो शिनेमा. तीस सालात एक कंपनी भिलवडीच्या घाटावर चित्रं काढाय आली हुती. नावाड्याची पोरगी आन सरदाराचा पोरगा, दोघांचं पिरेम. बाप पोराला परमुलखाला धाडतो. पोरगं नावंत बसून जातं, पोरगी घाटाच्या पायरीवर उभी ऱ्हाती. शेवट तिथंच. पुढं त्यो आला का न्हाई, शिनेमा सांगत न्हाई. नाव त्येचं चांगलं हातभर हुतं, कुनाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. लोकं घाटावरचा शिनेमा म्हनायची.

असल्या बारक्या कंपनीला शिनेमात काम कराय तवा बाई मिळायची न्हाई. बाप्येच मिशा काढून लुगडं नेसायचं. ह्यांनी आनलेला बाप्या हिवतापानं आडवा झाला. आकाराम तिथं उन्हाचा उजेड पाडायला चकचकीत पत्रा धरून उभा असायचा, रोजगारावर. दुपारला त्येची बायको हरणाबाई भाकरी घिऊन पायऱ्या उतरली, आन डायरेक्टरसाहेब बघतच ऱ्हायला. झालं. नवऱ्यानं हुकार भरला म्हनून ती उभी ऱ्हायली. लय गोड बाई. मी तिच्या हातचं हुलग्याचं माडगं खाल्लंय. हसली की आधी तोंडाम्होरं पदर धरायची, मग हसायची.

शेवटच्या दिशी ते घाटावरचं काढलं. तिला सातवा लागत आलेला, पदर आवळून घेतला तवा दिसत नव्हतं. डायरेक्टरसाहेब म्हनला, "काहीही बोला बाई. नुसते ओठ हलवा. कुणाला ऐकू जाणार आहे?" हरणाबाईनं नावंतल्या पोराकडं बघितलं. मग तिची नजर सरकली. यंत्राच्या पल्याड आकाराम पत्रा धरून उभा हुता, त्येच्याकडं बघितलं. आन बोलली. चांगलं दोन-तीन वाक्यं बोलली. मधी पानी, नावाडी वरडत्यात, यंत्राची खरखर. त्येला एक अक्षर ऐकू आलं न्हाई.

राती त्येनं इचारलं, "काय बोललीस गं?"

ती पदराआड हसली. "पडद्यावर आल्यावर बघा की. तुमीच सांगनारं, तुमास्नी नगं कळाय?"

दुसऱ्या दिशी तिचा भाऊ आला, भाऊसो, आन तिला पहिल्या बाळंतपनाला मानात घिऊन गेला.

आता आपल्यात कसं हाय, तुमास्नी म्हाईत हाय. बाळंतीन बाई आपल्या पायानं सासरी येत न्हाई. न्यायला मानूस यावं लागतं, नवऱ्याकडचं. न्हाई आलं तर ती उंबऱ्यात बसून ऱ्हाती, पर आपून हून निघत न्हाई. मान असतो त्यो.

शिनेमा तयार हून तंबूत आला, आन काय सांगू, रीघ लागली. घाटावर ती बोलाय लागली की पाटीवर अक्षरं यायची, "प्राणनाथ, जन्मोजन्मी आपली प्रतीक्षा करीन." आकाराम गळा बारीक करून ते बोलायचा आन तंबू हुंदकं द्यायचा. त्येला कळायचं की ओठ निराळंच बोलत्यात. रोज बघायचा. रोज कळायचं न्हाई.

मानातनं सांगावा आला. पोरगी झाली, पर जगली न्हाई. हरणाबाई म्हनती, न्यायला या. आकाराम म्हनला, हा मुक्काम उरकला की जातो. मग दुसरा मुक्काम आला. परत सांगावा आला. मी सोता म्हनलं त्येला, "आरं, जाऊन आन की तिला. लेकरू गेलंय तिचं."

तर काय म्हनला, ठावं हाय? म्हनला, "आप्पासो, रोज तर दिसती की. काल बघितली, आज राती बघीन."

खोटं न्हवं. त्येला मनापासनं तसंच वाटायचं. रोज राती तिला डोळं भरून बघायचा, तिच्या वाटनीचं बोलायचा, आन गपगार झोपायचा. भूक लागल्याबिगर मानूस जेवाय उठतो का? त्येला भूकच लागत नव्हती. तिकडं ती बिचारी, वाटंवर शेताची ताल हुती, दगडाचा बांध, तिच्यावर रोज सांजची जाऊन बसायची. तिला कुटला पडदा दिसतोय?

चैत्रात एकदाचा गेला. नवं इरकल लुगडं घिऊन गेला. भाऊसो त्येला घरात घिऊन गेला न्हाई, परभारं माळावर घिऊन गेला. तिला पुरलं तिथली दगडं दावली. ताप आला हुता म्हनं, उतरलाच न्हाई.

परत आला तवा आकारामचा आवाज गेलेला. म्हंजे बोलायचा, हो-न्हाई करायचा, पर सांगायला उभा ऱ्हायला न्हाई. शिनेमा डब्यात गेला. मग बोलपट आलं, सांगनाऱ्याचं कामच सरलं. त्यो खुंट्या ठोकायचा, गाडी हाकायचा. मागून लगीन केलं न्हाई. एकदाच, कवठ्याच्या मुक्कामाला, शेकोटीपाशी मला म्हनला, "आप्पासो, मला दुसरं काय नगं. ती घाटावर काय बोलली तेवढं मरायच्या आधी कळाय पायजे. बास." मी त्येच्याम्होरं पान-तंबाखूची चंची सरकवली.

तर त्या दिशी.

तासगावात त्येनं डबा गाडीत घातला, बैलास्नी इसावा दिला, आन परत फिरला. निम्म्या वाटंत दिवस मावळला. थंडी, दोनी अंगाला ऊस, गाडीखाली कंदील, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. दुसरं काय न्हाई. राती सांगायचं हाय, तेरा वर्सांत तोंडात आलेलं न्हाई, म्हनून त्यो मोठ्यानं उजळनी कराय लागला. सरदार बोलला. खनखनीत. जरा बरं वाटलं त्येला. सरदाराचा पोरगा बोलला, ते बी जमलं.

मग तिचं वाक्य आलं. गळा बारीक केला. आवाज फुटंना.

खाकरला. चरवीतलं पानी पिला. परत सरदाराचं बोलून बघितलं, आवाज खनखनीत. परत तिच्या वाक्यावर आला... तोंड उघडं, आन आत काय न्हाई.

आन बैलं थांबली.

घुंगरं गप. उसाचं पान हलंना. आकाराम कासरा हातात घिऊन बसलेला, मान वळवंना. एका वाक्याला जेवढा येळ लागंल, तेवढाच येळ... मग बैलं आपून हून चालाय लागली.

त्येला वाटलं, थकल्यात. पुढचं सरदाराचं वाक्य बोलला. बैलं चालत्यात. परत तिची पाळी आली. त्यो गप ऱ्हायला. बैलं थांबली. त्येंनी कान मागं वळवलं. गाडीच्या मागल्या अंगाला.

आता मात्र त्येनं मागं बघितलं.

डबा. नुसता डबा.

मग त्येनं काय केलं, आयका. त्यो भ्याला न्हाई. म्हंजे भ्याला. पर त्येनं सगळा शिनेमा बोलून काढला, पलूसपातूर. आपल्या पाळीला बोलायचा, तिच्या पाळीला गप बसायचा. "मला ऐकू येत नव्हतं, आप्पासो," म्हनला. "बैलास्नी येत हुतं."

तंबूत आला तवा तोंडाला रंग नव्हता. मी म्हनलं, नगं उभा राहू, नुसती चित्रं दावू. लालासाहेब बी नगं म्हनले. त्यो म्हनला, "आज मी उभा ऱ्हानार." पडदा भिजवला. यंत्र चालवनाऱ्या कोंडीबानं कळ फिरवाय घेतली. खेळ चालू झाला.

मी दारावरनं बघत हुतो. आकाराम असा बोलाय लागला की अंगावर काटा यावा. सरदार, नावाडी, पोरगा, सगळं जिवंत. आन हरणाबाई पडद्यावर आली, पदराआड हसली, बोलाय लागली... आन आकाराम गप. नुसता उभा. तिचं बोलनं सरलं की परत आपलं सुरू.

बाप्ये कुरकुर कराय लागले. "आरं, बाईचं बोल की रं. का मुकी हाय ती?" एकानं शिट्टी मारली. मी त्येला डोळं दावलं.

पर पडद्याच्या मागनं...

बायकांचा घोळका म्हनल्यावर कसा असतोय? पोरं रडत्यात, काकनं वाजत्यात, कुनी कुनाची खोड काढतंय. त्या राती मागनं काय सुदीक येत नव्हतं. तान्ही पोरं सुदीक गप. दोनशे बायका असतील, एक खोकली न्हाई.

घाट आला. पानी आलं, नाव आली. ती पायरीवर उभी. पोराकडं बघितलं तिनं. मग नजर सरकली. आकाराम आता हातातली काठी इसरून पडद्याला नाक लावून उभा. ती त्येच्याकडं बघती. ओठ हलले.

आमाला काय न्हाई. यंत्राची खरखर.

आकाराम कान देऊन उभा. कान असा पडद्याला... वला पडदा त्येच्या गालाला चिकटलेला. काय न्हाई.

आन मागनं हुंदका आला. एक न्हाई. सगळ्या बायकांचा, एकदमच.

आकारामनं पडद्याची कड उचलली आन मागं पळाला. बायकांच्या अंगाला बाप्या शिरला तर चपलानं मारायच्या, म्हनून मी बी त्येच्यामागं धावलो. कुनी हात उचलला न्हाई. सगळ्या डोळ्याला पदर लावून बसलेल्या. अगदी म्होरं पलूसची रंगूबाई बसली हुती, म्हातारी, लालासाहेबांच्या नात्यातली. आकाराम तिच्याम्होरं गुडघ्यावर बसला.

"आक्का, काय बोलली ती?"

"कोन रं?"

"घाटावरची."

रंगूबाई म्हनली, "ते काय मला इचारतोस? तुमीच आनलीया न्हवं बाई बोलाय? कुठं उभी केलीया तिला? मगाधरनं बघाय लागलो आमी, दिसंना. मानाकडची हाय जनू, माझ्या सुनंची बोली तसलीच हाय. लय गोड बोलती बाई."

"काय बोलली, आक्का?" परत तेच.

रंगूबाईनं डोळं पुसलं. म्हनली, "नावंतल्या पोराला म्हनली, तुमी मला रोज हितं बघशीला. मी कुनाकडं बघू? लौकर न्यायला या."

...

मी आकारामकडं बघितलं न्हाई. बघवत नव्हतं. त्यो तसाच बसला, धोतराचा सोगा तोंडात धरून. तेरा वर्सं झाली, मी त्येला रडताना बघितला नव्हता. त्या राती बायकांच्या मधी बसून रडला, लेकरावानी, आन एक बाई त्येला ऊठ म्हनली न्हाई. तिनं आधीच सांगितलं हुतं रं त्येला. जायच्या आदल्या दिशीच. त्यो काय करनार हाय, ते तिला त्येच्या आधी कळलं हुतं. आन त्यो वर्सभर त्येच बोलन्यावर दुसऱ्याचं वाक्य म्हनत उभा ऱ्हायला.

मग उठला. मला म्हनला, "आप्पासो, गाडी न्हेतो."

"आरं, आता? रातीचं? बैलं दमल्यात. सकाळी जा."

"उशीर झालाय लय," म्हनला.

मी बैलं जुपाय लागलो त्येच्याबरोबर. तवाच वाटंतलं ते घुंगराचं सगळं मला सांगितलं. कंदील घेतला न्हाई, तवा चांद उगवला हुता. मानाच्या वाटंला लागला. माझी आन त्येची तीच गाठ शेवटची.

गाडी परत आली पंदरवड्यानं, पर ती भाऊसोनं हाकत आनली. म्हनला, "दाजी आमच्याकडं सांजचं पोचलं. तुमच्या जत्रंचा शेवटचा दिस असंल त्यो. घरात आलं न्हाईत, पानी पिलं न्हाईत. माळावर गेलं, दगडापाशी बसलं. लय येळ. मग उठलं आन म्हनलं, चल. आमाला वाटलं आमाला म्हनत्यात. आमी म्हनलो, आवं दाजी, गाडीत बसा, चालत कुठं निघालासा? तर म्हनलं, नगं, तिला गाडी लागती. आन गेलं की चालत. सावकाश. मधी मधी थांबायचं, मागं बघायचं, परत चालायचं."

तेवढं बोलला आन भाऊसो बैलं सोडाय लागला. सोडता सोडता म्हनला, "ताईला गाडी लागायची, खरं हाय ते. लहानपनापासनं."

उठू नकोस रं ज्ञानू, काहील मी बघतो. सरलंच हाय.

जत्रंच्या शेवटच्या राती आमी त्योच शिनेमा दावला. बोलपट आलाच नव्हता. सांगायला कुनी न्हाई, नुसती चित्रं. हरणाबाई आली, हसली, समदं जिथल्या तिथं. घाट आला. पानी आलं. नाव आली. सरदाराचा पोरगा नावंत बसला आन पायरीकडं बघून हात हलवाय लागला.

पायरीवर कुनी नव्हतं.

कोंडीबानं यंत्र थांबवलं न्हाई, त्येचा हातच थांबंना. पोरगं हात हलवतंय, हलवतंय. म्होरं नुसत्या पायऱ्या, उनात वाळलेल्या. मग ती प्रतीक्षेची पाटी आली आन खेळ सरला.

सकाळी मी आन कोंडीबा, आमी दोघांनी ती फिलीम उनात धरली. कुठं तोडलेली न्हाई, कुठं चिकटवलेली न्हाई. घाटावरचं एकेक चित्र बोटानं सारत बघितलं. पानी हाय, नाव हाय, पोरगं हाय. तेवढी बाई न्हाई. डबा अजून तासगावच्या गोदामात हाय. लालासाहेब कुनाला हात लावू देत न्हाईत.